मरतुकीची वही

पनवेलहून एक पत्र आलं आहे. थोडं आवरतं घेऊन इथे देते.

"ताई, आम्ही मूळचे म्हसळा तालुक्यातले, कोकणी मुसलमान. पनवेलला येऊन पंचवीस वर्षं झाली. पहिल्या दिवसापासून आमची कोंबडी नाक्यावरच्या एकाच दुकानातून येते. दुकानदाराला सगळे चाचा म्हणतात. माझ्या सासूबाई दुसऱ्या कुणाच्या हातचं कापलेलं खात नाहीत. माझी मुलगी चार वर्षं क्वालालंपूरला नोकरीला होती, गेल्या पावसाळ्यात परत आली. आल्यापासून चाचांच्या दुकानची कोंबडी तिला चालत नाही. यांच्याकडे सर्टिफिकेट कुठे आहे, म्हणते. बिस्किटाचा पुडा असो की चॉकलेट, उलटं करून वाचल्याशिवाय तोंडात घालत नाही. मोबाइलवरून हलालचा शिक्का असलेलं फ्रोजन चिकन मागवते, तर ते सासूबाई चुलीला लावू देत नाहीत. 'कुणी कापलं, कधी कापलं, बिस्मिल्ला म्हटलं की नाही, कोण सांगणार?' असं त्या म्हणाल्या, तेव्हा मुलगी म्हणाली, 'चाचांचं तरी कोण सांगणार?' त्यावरून सासूबाई तिच्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत. सहा महिने झाले, घरात कोंबडी शिजलेली नाही. मासळीवर सगळ्यांचं एकमत, म्हणून मासळीच. त्यात मी शाळेत नोकरीला. डबा खाताना एखादी सहकारी विचारते, 'हे हलालचे शिक्के कशाला लागतात हो? त्याचे पैसे आम्हीही भरतोच ना?' मला उत्तर सुचत नाही. घरातही गप्प आणि शाळेतही गप्प. मी कुणाचं खरं मानू? – श. म., पनवेल"

ताई,

तुमचं पत्र वाचलं आणि मला एक वही आठवली. लांबट, पुठ्ठ्याच्या बांधणीची, कोपरे ओलसर होऊन फुगलेली. पुण्याच्या बाजूच्या एका चिकन प्रक्रिया कारखान्यात मी गुणवत्ता विभागात बरीच वर्षं काढली. माल आखाती देशांत पाठवायची बोलणी चालू असताना तिकडून एक वयस्क गृहस्थ पाहणीला आले. आम्ही सगळी तयारी सुरीची केली होती. कापणाऱ्या मुलांना नवे एप्रन दिले होते, सुऱ्या परजून ठेवल्या होत्या, हात धुवायच्या जागा घासून काढल्या होत्या. ते आत आले, सलाम-दुआ झाली आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "गाडी कुठे उतरते?"

आम्ही त्यांना मागच्या धक्क्यावर नेलं. पहाटेची वेळ होती. कोंबड्यांचे क्रेट उतरत होते. त्यांनी एकेक क्रेट वाकून पाहिला, तळाशी हात घालून पाहिला आणि म्हणाले, वाटेत मेलेल्या कोंबड्यांची वही आणा. आम्ही तिला मरतुकीची वही म्हणायचो. किती पक्षी आले, किती मेलेले निघाले, त्यांचं काय केलं, कुणाची सही. त्यांनी ती मागच्या तीन महिन्यांची चाळली. एके ठिकाणी एप्रिलच्या भर उन्हात आठवडाभर मरतुकीचा रकाना कोरा होता. बोट त्या कोऱ्या रकान्यावर ठेवून ते माझ्याकडे बघत राहिले. एप्रिलात एकही कोंबडी वाटेत मेली नाही, हे मला पटवून सांगता येईना, कारण ते खरं नव्हतं. त्या दिवशी मला कळलं की ज्याला खरोखर हलाल खायचंय तो सुरीच्या कितीतरी आधी बघायला सुरुवात करतो.

हे मी आधी सांगितलं, कारण तुमच्या घरातलं भांडण सगळं सुरीभोवती चाललंय. सुरी चाचांच्या हातात होती की अनोळखी माणसाच्या, एवढाच वाद. पण कोंबडीचा प्रवास फार्मवर सुरू होतो. रात्री क्रेट भरतात, गाडी चालते, टोलनाक्यावर थांबते, उकाड्यात काही पक्षी दम तोडतात. कुराणात ज्या गोष्टी निषिद्ध सांगितल्या आहेत (सूरह माइदाची तिसरी आयत) त्यांत पहिलं नाव आहे मेलेल्या जनावराचं. रक्त आणि डुकराचं मांस त्याच्यानंतर. मेलेल्या कोंबडीच्या मानेवरून सुरी फिरवली आणि कितीही मनापासून बिस्मिल्ला म्हटलं, तरी ती मुर्दारच. आणि माझ्या शास्त्राच्या बाजूने बघितलं तरी तेच, मेलेल्या पक्ष्याचं रक्त आतच राहतं आणि मांस लवकर नासतं.

आता हे घरी ओळखायचं कसं, ते सांगते. हे सासूबाईंनाही सांगा, त्यांना यातलं बरंच आधीच माहीत असणार. जिवंत कोंबडी कापली की मानेच्या कापलेल्या कडा मागे खेचल्या जातात, जखम फाकते, रक्त धारेने वाहतं. मेलेली कापली तर कडा तशाच चिकटून राहतात. सोलल्यावर छाती, मान, पंखांची मुळं लालसर-जांभळी दिसतात, शिरांमध्ये काळपट रक्त गोठलेलं असतं. कारखान्यात आम्ही अशा पक्ष्याला रेड बर्ड म्हणायचो आणि बाजूला काढायचो. त्वचेसकट घेतली तर हे चटकन कळतं. त्वचा काढून, तुकडे करून, पिशवीत बांधून हातात दिली की काहीच कळत नाही. म्हणून माझा पहिला सल्ला अगदी साधा आहे. कोंबडी चाचांकडून घ्या की आणखी कुठून, ती अख्खी बघा आणि मग तुकडे करून घ्या.

आता तुमच्या सासूबाईंबद्दल. त्या जुन्या वळणाच्या म्हणून हटून बसल्यात, असं मला मुळीच वाटत नाही. ओळखीच्या माणसावर विश्वास ठेवणं हे जगभरातल्या मुस्लिम ग्राहकांचं वागणं आहे. बेल्जियममध्ये घेंट विद्यापीठाच्या कारीन बोन आणि विम फर्बेके यांनी २००६ च्या उन्हाळ्यात ३६७ मुस्लिम ग्राहकांना विचारलं होतं की हलाल मांसाच्या साखळीवर लक्ष ठेवायचं काम कुणी केलेलं तुम्हाला भरवशाचं वाटतं. उत्तरांत सरकारी यंत्रणेच्या वर इस्लामी संस्था होत्या, आणि त्यांतही सर्वांत वर होता मुस्लिम खाटीक. म्हणजे बेल्जियमच्या शहरातल्या बाईलाही तिचा चाचाच जवळचा. यामागे कारण आहे. चाचांना रोज त्याच नाक्यावर उभं राहायचंय, त्याच मशिदीत नमाजाला जायचंय, तुमच्या घरच्या लग्नात जेवायला यायचंय. फसवलं तर तोंड दाखवायला जागा उरणार नाही. ही जामीनदारी कुठल्याही कागदापेक्षा कमी नाही.

पण चाचांना तरी काय माहीत असतं? त्यांना स्वतःची सुरी माहीत. आलेली गाडी डोळ्यांसमोर उभी असते. फार्मवर काय झालं, हे त्यांनाही गाडीवाल्याच्या तोंडूनच कळतं. आणि चाचा आता वयस्क झाले असतील. दुकानात दोन-तीन पोरं कामाला असतील. चाचा जेवायला जातात, नमाजाला जातात, गावी जातात. तेव्हा कापतो कोण? सासूबाईंचा भरवसा चाचांवर आहे, ते दुपारी घरी गेल्यावर काउंटरवर उभ्या असलेल्या मुलाला त्या ओळखतही नसतील.

तुमची मुलगी जिथून आली, तिथे गोष्ट वेगळी आहे आणि तिची सवय तिथे अगदी बरोबर होती. मलेशियात हलालचं प्रमाणपत्र देण्याचं काम सरकारी धार्मिक खातं १९७४ पासून करतंय. आज ते जाकिम नावाची संस्था बघते. २०११ च्या आदेशानंतर तिथे जाकिम आणि राज्यांच्या इस्लामी परिषदा सोडून कुणी हलालचं प्रमाणपत्र देऊ शकत नाही, खोटा शिक्का मारला तर तो गुन्हा. संकेतस्थळावर उत्पादनाचं नाव टाकलं की प्रमाणपत्र खरं की खोटं ते दिसतं. नुसती कत्तलच नाही, माल नेणं, गोदामात ठेवणं, दुकानात मांडणं या सगळ्यासाठी तिथे २०१० पासून वेगळं मानक आहे, त्याच्या पहिल्या नावातच 'हलालान-तोय्यिबान', म्हणजे हलाल आणि निकोप, हे दोन शब्द होते. ज्या कंटेनरमधून डुकराचं मांस गेलं, तो पुन्हा हलाल मालासाठी वापरायचा तर सात वेळा धुवायचा, त्यांतलं एक धुणं मातीमिश्रित पाण्याने. सासूबाईंना हे सांगून बघा. त्या लगेच म्हणतील, हे तर आपल्यातलंच आहे. कारण मलय लोक शाफई, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्राच्या त्या नावाच्या परंपरेतले, आणि तुम्ही कोकणी मुसलमानही शाफई. आजी जे मक्तबात, म्हणजे मशिदीच्या शाळेत शिकली, तेच नात क्वालालंपूरच्या गोदामांच्या नियमांत बघून आली. दोघींना हे एकमेकींत ओळखता आलेलं नाही, एवढंच.

मात्र मुलीलाही एक गोष्ट सांगायला हवी. २०२० च्या डिसेंबरात मलेशियातच, जोहोर राज्यात एका गोदामावर धाड पडली. बाहेरदेशाहून आणलेलं गोठवलेलं मांस तिथे नव्या खोक्यांत भरलं जात होतं आणि वर हलालचा खोटा शिक्का लागत होता. ज्या देशात शिक्क्यामागे अख्खं सरकार उभं आहे, त्या देशात हे झालं. लोक संतापले, घाबरले, इतक्या वर्षांत आपण काय काय खाल्लं याचा हिशोब करू लागले. तिथली कत्तल तपासली गेली होती की नव्हती, हा प्रश्नच तिथे गैरलागू झाला. साखळी तुटली होती गोदामात, खोकं बदलताना.

त्याच्याही आधीची इंडोनेशियातली गोष्ट मला फार शिकवून गेली. २००१ सालची. अजिनोमोटो आपल्याला चायनीजच्या गाडीवरून माहीत आहे. ती पूड जिवाणूंकडून तयार करून घेतात, त्या जिवाणूंना खाद्य लागतं. तिथल्या कारखान्यात ते खाद्य ज्या सोयाबीनपासून बनत होतं, ते सोयाबीन मोडायला डुकराच्या स्वादुपिंडातलं एन्झाइम वापरलं गेलं होतं. पाकिटातल्या पुडीत डुकराचा अंश नव्हता. तरी उलेमांच्या परिषदेने ती हराम ठरवली, राष्ट्राध्यक्ष अब्दुर्रहमान वाहिद म्हणाले हलाल आहे, आणि कंपनीने हजारो टन माल बाजारातून परत घेतला. मी तेव्हा कारखान्यात होते. आम्ही सगळे मसाल्यांच्या पाकिटांवरची नावं नव्याने वाचायला लागलो. हा पदार्थ कशाचा, एवढंच आजवर विचारत होतो. तो ज्याच्यावर वाढला ते कशाचं, हे कधी विचारलंच नव्हतं. तुमची मुलगी बिस्किटाचा पुडा उलटा करते, त्यामागे हीच भीती आहे. तिला हसू नका.

पण आपल्या देशात ती भीती बरीच हलकी करणारी एक खूण आधीच प्रत्येक पाकिटावर आहे, आणि मुलीला कदाचित ती तशी दिसली नसेल, कारण ती मलेशियात नसते. हिरवा ठिपका. ज्या पदार्थात कुठल्याही प्राण्याचा भाग आहे (दूध, मध असे थोडे अपवाद सोडून) त्याला हिरवा ठिपका लावता येत नाही, त्याला तपकिरी त्रिकोण लावावा लागतो. जिलेटिन असेल तर त्रिकोण. चरबी असेल तर त्रिकोण. बिस्किटावर ४७१ क्रमांकाचं इमल्सिफायर लिहिलेलं असतं, ते वनस्पती तेलातूनही येतं आणि चरबीतूनही, तिकडे मुली त्याच्यावर अडतात. पाकिटावर हिरवा ठिपका असेल तर ते वनस्पतीचंच असायला हवं, कायद्याने. चीज घट्ट करायचं जे रेनेट वासराच्या पोटातून येतं, तेही हिरव्या ठिपक्याच्या चीजमध्ये चालत नाही. म्हणजे शाकाहारी लोकांसाठी केलेला नियम तुमचं निम्मं काम करून टाकतो. हिरव्या ठिपक्यात न येणारं एक उरतं ते मद्यार्क, म्हणजे इसेन्समधला अल्कोहोल, तेवढं घटकांच्या यादीत बघा. बिस्किटावर हलालचा शिक्का नाही म्हणून ते टाकून द्यायची गरज माझ्या मते नाही. शिक्क्याची खरी गरज तपकिरी त्रिकोणाच्या पाकिटांना आहे: नगेट्स, सॉसेज, सलामी, सूपच्या पुड्या, जेली.

तिथे मात्र नीट वाचा. आपल्याकडे देशातल्या विक्रीसाठी हलालचा सरकारी शिक्का नाही. जमियत उलेमा-ए-हिंद या संघटनेचा हलाल ट्रस्ट किंवा हलाल इंडिया अशा खाजगी संस्था प्रमाणपत्र देतात. त्यामुळे नुसतं अरबी अक्षरांत 'हलाल' छापलंय, की खाली कुणी प्रमाणित केलं त्या संस्थेचं नाव आहे, हा फरक मोठा आहे. नुसती अक्षरं कुठलाही छापखाना छापून देतो. संस्थेचं नाव असेल तर त्या संस्थेला विचारा की हे प्रमाणपत्र कुठल्या कारखान्याचं, कुठल्या मालाचं आणि कधीपर्यंतचं. मग कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर फोन करायचा. हाताने कापता की यंत्राच्या पात्याने? आधी विजेचा झटका देता का? याच कारखान्यात डुकराचं सॉसेज बनतं का? आम्हाला असे फोन यायचे तेव्हा मी स्वतः उत्तर द्यायचे, आणि ज्या बाईने विचारलं तिच्याबद्दल मला आदर वाटायचा. जी कंपनी सरळ उत्तर देत नाही, तिचा माल घेऊ नका.

विजेच्या झटक्याबद्दल थोडं सांगते, कारण मुलगी याच्यावर बोलेल. मोठ्या कारखान्यांत कोंबड्या उलट्या टांगून पाण्याच्या टाकीतून नेतात, पाण्यात हलका वीजप्रवाह असतो, पक्षी बेशुद्ध होतो, मग कापतात. मलेशियात हे काही अटींवर चालतं, मुख्य अट अशी की झटक्याने पक्षी मरता कामा नये, कापला नसता तर तो शुद्धीवर आला असता. ब्रिटनमध्ये दोन मोठ्या हलाल संस्था आहेत, एकीला हे चालतं, दुसरीला अजिबात चालत नाही. म्हणजे शिक्क्या-शिक्क्यांतही मतभेद आहेत. कुठलं मत मानायचं हे तुम्ही तुमच्या मौलानांना विचारा, ते माझं क्षेत्र नाही. माझं क्षेत्र एवढंच सांगतं की प्रवाह जास्त झाला तर टाकीतच काही पक्षी मरतात, आणि तो प्रवाह रोज मोजून लिहून ठेवायला लागतो. ती वही आहे का, हे विचारायचं. पुन्हा वहीच बघा.

आणि फ्रोजन पाकीट घरी आलं की हाताने चाचपा. तुकडे सुटे सुटे वाजले तर ठीक. सगळं मिळून एक दगड झाला असेल आणि आत बर्फाचे मोठे खडे दिसत असतील, तर ते वाटेत कुठेतरी वितळून पुन्हा गोठलंय. असं पाकीट डिलिव्हरीवाल्याच्या समोरच परत करा. कुराणात काही ठिकाणी हलाल या शब्दाच्या जोडीला तय्यिबही येतो, म्हणजे चांगलं, स्वच्छ, निकोप. वितळून गोठलेल्या कोंबडीवर कितीही अस्सल शिक्का असला तरी तय्यिब ती राहत नाही.

शाळेतल्या डब्याकडे येते. तुम्ही गप्प बसता, ते मला जास्त लागलं. तुमच्या सहकारी बाईंचा प्रश्न त्यांनी कुठे ऐकला असेल ते मला ठाऊक आहे. २०२३ च्या नोव्हेंबरात उत्तर प्रदेशाने राज्यात हलाल प्रमाणपत्राच्या मालाची विक्री बंद केली, निर्यातीचा माल सोडून. २०२५ च्या मार्चात आपल्याकडे मंत्री नितेश राणे यांनी हिंदू खाटकांच्या झटका (एका घावात मान तोडलेल्या जनावराच्या) मटणासाठी 'मल्हार' प्रमाणपत्र जाहीर केलं. तेव्हापासून हा विषय डब्यापर्यंत आला. मी स्वतः हिंदू घरातली, मटण-चिकन खाणारी. मला विचाराल तर मी त्या बाईंना सांगेन की आपल्या ताटातलं जनावर कसं कापलं गेलं हे विचारायचा हक्क सगळ्यांना आहे. शीख माणूस 'कुठा', म्हणजे हलाल पद्धतीने कापलेलं मांस टाळतो, जैन माणूस हिरवा ठिपका बघतो, उपासाचा साबुदाण्याचा वडा वेगळ्या तेलात तळलाय का हे माझी आई हॉटेलात विचारायची आणि आम्हाला लाज वाटायची. तिची काळजी आणि तुमच्या सासूबाईंची काळजी एकाच जातीची आहे. आणि पैशाचं म्हणाल तर आखाती देश, मलेशिया, इंडोनेशिया आपल्याकडून मांस घेतात ते हलाल असेल तरच. म्हणून केंद्र सरकारनेच २०२३ साली निर्यातीच्या मांसाला हलाल म्हणायचं असेल तर मान्यताप्राप्त संस्थेचं प्रमाणपत्र सक्तीचं केलं. तो शिक्का आपल्या देशाचा माल विकायला लागतो. हे तुम्ही शांतपणे, डबा खाता खाता सांगू शकता. एवढं सांगूनही कुणी वाद घातला, तर मग खुशाल गप्प बसा. ते गप्प बसणं आजच्यासारखं नसेल.

एक गोष्ट राहते, आणि ती लिहिताना मी थोडी बिचकते आहे, कारण मी मुसलमान नाही आणि दीन, म्हणजे धर्म, कुणाला शिकवायचा माझा अधिकार नाही. पण आमच्या कारखान्यात कापणाऱ्यांचा जो उस्ताद होता, त्याने मला एकदा बुखारीच्या संग्रहातली हजरत आयेशांकडून आलेली एक हदीस, म्हणजे पैगंबरांच्या बोलण्या-वागण्याची नोंद, सांगितली होती. काही लोक पैगंबरांना म्हणाले, आमच्याकडे लोक मांस घेऊन येतात, त्यांनी कापताना अल्लाहचं नाव घेतलं की नाही, आम्हाला माहीत नाही. पैगंबर म्हणाले, तुम्ही अल्लाहचं नाव घ्या आणि खा. ते आणणारे लोक नुकतेच मुसलमान झालेले होते. उस्तादने हे मला का सांगितलं, तर एकदा एक पोरगा दुसऱ्याच्या हातचं कापलेलं नको म्हणून डबा सोडून उठला होता. उस्ताद त्याला म्हणाला होता, समोर दिसतंय ते नीट बघ, पण दिसत नाही त्यावरून भावावर संशय घेऊ नकोस. ही हदीस कुठे लागू होते, कुठे नाही, ते मौलानाच सांगतील. शाफई मतात कापताना बिस्मिल्ला म्हणणं सुन्नत, म्हणजे चांगलं पण सक्तीचं नाही असं मानतात आणि हनफी मतात ते जाणूनबुजून सोडलं तर जनावर हलाल राहत नाही, इतका फरक मला उस्तादनेच समजावला होता. सासूबाईंनी आणि मुलीने मिळून हा प्रश्न विचारायला जावं, असं मला वाटतं. वेगवेगळं विचारलं तर प्रत्येकीला आपल्या सोयीचं उत्तर ऐकू येतं.

तुम्ही विचारलंत, मी कुणाचं खरं मानू. मला वाटतं तुम्ही कुणा एकीचं खरं मानू नका, दोघींना घेऊन दुकानावर जा. चाचांना आदल्या दिवशी सांगून ठेवा, धाड घातल्यासारखं जाऊ नका, म्हाताऱ्या माणसाला ते लागेल. शुक्रवार-रविवार टाळा, गर्दी असते. मंगळवारी किंवा गुरुवारी पहाटे, गाडी उतरायच्या वेळी जा. सासूबाईंसाठी एक स्टूल न्या. मुलीला म्हणा, क्रेट उतरताना तू तळ बघ. मेलेली निघते का, निघाली तर ती कुठल्या टोपलीत जाते, ती टोपली कोण नेतो, बघा. बाजूला काढलेल्या कोंबड्या स्वस्तात कुठे जात असतील, तर त्या दुकानाला तिथेच रामराम. कापल्यावर पक्षी डब्यात टाकतात, तो पूर्ण शांत होऊन मगच गरम पाण्यात जातो का, की गर्दीत घाई होते, हे बघा. पोरांपैकी कोण कापतो, ते चाचांना विचारा. आणि चाचांना एक विनंती करा, मी सांगितलं म्हणून सांगा, की एक वही ठेवा. साधी शाळेची शंभर पानी. तारीख, गाडी कुठून आली, किती आल्या, किती मेल्या, मेलेल्यांचं काय केलं, आज कापणारा कोण. मुलगी त्यांना रकाने आखून देईल. तिला क्वालालंपूरहून आणलेल्या शिस्तीचा उपयोग होईल, आणि चाचांनी इतकी वर्षं जे तोंडी सांभाळलं ते कागदावर येईल. सासूबाईंना वाचता येत असेल तर दर आठवड्याला तो रकाना त्यांनीच तपासावा.

वहीत एप्रिलात मरतुकीचा आकडा दिसला तर घाबरू नका. कोरा दिसला तर मात्र विचारा.

त्या दिवशी कोंबडी घरी आणलीत, तर मुलीला मसाला वाटायला सांगा आणि सासूबाईंना फोडणीला उभं करा. काय झालं ते मला जरूर कळवा, मी वाट बघते आहे.

तुमची,
ताई